वीस लाख पासष्ट हजार पाचशे सात

शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मी एका सायकलीला वाकून नमस्कार केला.

त्यात माझा फारसा दोष नाही. फाटकातून आत आले तर लिंबाच्या झाडाखाली टोपी घातलेले एक गृहस्थ सायकलीच्या सीटखाली डोकं घालून उभे होते. एक मिनिट झालं, दोन झाली, तरी तसेच. मला वाटलं, या गावात रोज सकाळी वाहनाची पूजा करायची पद्धत असेल. नवी नोकरी होती आणि गावाशी जुळवून घे म्हणून आईनं बजावलं होतं. मी चपला काढल्या, पुढं झाले आणि हात जोडले.

गृहस्थ सीटखालून बाहेर आले. त्यांच्या हातात खोबरेल तेलाचा बोळा होता.

"वाचता आला?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"नंबर."

मग मलाही सीटखाली डोकं घालावं लागलं. दांड्यावर ठोकून उमटवलेले सात आकडे होते, तेलानं चकचकीत. २०६५५०७. प्रत्येक सायकलीला असा नंबर असतो हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यानं माझं काही अडलंही नव्हतं.

"मूळ असावी," ते हलक्या आवाजात म्हणाले. जणू सायकलीनं ऐकलं तर ती लाजेल.

हे आमचे गणिताचे सर. शाळेत तसे चार-पाच सर होते, पण नुसतं 'सर' म्हटलं की तेच. कन्हेरीच्या अलीकडं फाट्यावर एस.टी.तून उतरलं की दीड मैल आत आमची शाळा. मी तेवीस वर्षांची होते, पुण्याहून बी.एड. होऊन आले होते, त्यामुळे जगातलं सगळं मला येत होतं. मराठी शिकवायचे. गणिताच्या माणसांना थोडं कमी असतं, हे माझं तेव्हाचं ठाम मत. सरांना पाहिल्यावर ते आणखी ठाम झालं.

मूळ संख्या म्हणजे काय हे विसरला असाल तर सांगते. मीही विसरलेच होते. जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंच पुरता भाग जात नाही, ती मूळ संख्या. सात मूळ. तेरा मूळ. पंधरा नाही, कारण तीन पाचे पंधरा. सरांना समोर आलेली कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे पाहिल्याशिवाय पुढं जाता येत नसे. एस.टी. आली की सगळे पाटी बघत, ते नंबरप्लेट बघत. एकदा त्या नादात त्यांची एस.टी. निघून गेली. "सात हजारांच्या घरातली होती," ते मला समाधानानं म्हणाले, "एकोणीसनं तुटली."

आठवीच्या वर्गात सत्तेचाळीस पोरं होती. पंधरा ऑगस्टच्या कवायतीला पी.टी.च्या मास्तरांना रांगा करायच्या होत्या. त्या काही केल्या सारख्या होईनात.

"होणारच नाहीत," सर म्हणाले. "सत्तेचाळीस मूळ आहे."

"मग एकाला घरी पाठवा की."

"घरी का पाठवायचं? एक वाढवा. आठ-आठच्या सहा रांगा."

"वाढवू कुठनं? तुमी उभं ऱ्हाणार का?"

सर उभे राहिले. झेंडावंदनाला सरपंच आले, गाव जमला, आणि शेवटच्या रांगेच्या टोकाला टोपी घातलेला अठ्ठेचाळिसावा विद्यार्थी पोरांच्या बरोबरीनं हात वर-खाली करत होता. चेहरा अगदी गंभीर. सगळा गाव हसला. मी तर पदराआड इतकी हसले की राष्ट्रगीताला उभं राहताना उचकी लागली.

माळेगावचा साखर कारखाना दाखवायला पोरांची सहल नेली, तेव्हाही तसंच. बाकी सगळे चरक बघायला आत गेले, सर बाहेर उसाच्या बैलगाड्या मोजत थांबले. एक्क्याण्णव गाड्या होत्या. "एक्क्याण्णव फसवी संख्या," ते मला समजावू लागले, "दिसायला मूळ दिसते. पण सात तेरे एक्क्याण्णव." तेवढ्यात एका गाडीवानानं हाक मारली.

"मास्तर, एवढं मोजताय तर सांगा की, माझी गाडी कितवी?"

"सदुसष्टावी," सर म्हणाले. "भाग्यवान आहात. मूळ आहे."

"मूळबिळ ऱ्हाऊ द्या वो. बैलं उपाशी हायती."

आता त्या सायकलीकडं येते. तिच्या कॅरिअरवर कधी कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. एकदा शाळेच्या पायरीवरून माझा पाय मुरगळला. नव्या उंच टाचेच्या चपला घालून खेड्यातल्या शाळेत मिरवणाऱ्या बाईचं दुसरं काय होणार? शेवटची एस.टी. गाठायची होती आणि फाटा दीड मैल. मी सरांना म्हटलं, "सर, कॅरिअरवर बसू का?"

ते अवघडले. मग माझी पर्स आणि वह्यांचा गठ्ठा त्यांनी कॅरिअरवर ठेवला, आणि मला सीटचा आधार घ्यायला लावून दीड मैल सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले.

"राग मानू नका," वाटेत म्हणाले. "ही संख्या मूळ असेल तर हिचे दोन भाग होत नाहीत. ते ठरेपर्यंत हिच्यावर दोघांनी बसायचं नाही, असं मी ठरवलंय."

मी लंगडत होते आणि मनात म्हणत होते, वेड्याच्या इस्पितळातही या माणसाला वरचा वर्ग मिळेल.

पण खरा प्रश्न माझा नव्हताच, वहिनींचा होता. वहिनी म्हणजे सरांची बायको. माहेर इंदापूरचं, अंगानं काटक, जिभेनं त्याहून काटक. शाळेमागंच त्यांची खोली होती आणि मधल्या सुट्टीत मी हक्कानं त्यांच्याकडं भाकरी खायला जायची. बारामतीच्या बाजाराला जायचं तर त्यांनाही फाट्यापर्यंत दीड मैल जाणं आणि ओझं घेऊन दीड मैल येणं.

"कॅरिअर बघितलास का?" त्या मला म्हणायच्या. "आठ वर्सं झाली सायकल घिऊन, अजून नवाकोरा हाय. आमच्या इंदापुरात बापय बायकूला मागं बसवून खुशाल हिंडत्यात. आन् ह्यो मानूस म्हनतो, नंबर आडवा येतोय."

"नंबर कशाला आडवा येईल, वहिनी?"

"लाजतोय गं," त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "गाव हसंल म्हनून लाजतोय. पर तसं म्हनायचीबी लाज. मग नंबराला फुडं करतोय."

मला हे पटलं नाही. पोरांच्या रांगेत उभं राहून हात हलवणारा माणूस लाजेल कशाला? तेवीस वर्षांच्या बाईला नवरा-बायकोतलं काय कळतं हे त्यावरून समजा.

शेवटी दोघांत पैज लागली. मी साक्षीला होते. संख्येला पुरता भाग गेला तर वहिनी कॅरिअरवर बसून, भर वेशीतून, सगळ्यांच्या देखत बाजाराला जाणार. भाग गेला नाही, ती मूळ निघाली, तर वहिनी हा विषय जन्मात पुन्हा काढणार नाहीत. सरांनी मान डोलवली. दिलेला शब्द मोडणाऱ्यांतले ते दोघंही नव्हते.

आता एवढी मोठी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायचं कसं? सरांनी मला फळ्यावर समजावलं. दोनपासून सुरुवात करायची आणि एकेका मूळ संख्येनं भागून बघायचं. एक हजार चारशे सदतीसच्या पुढं जायची गरज नाही. भाग जाणारच असेल, तर जोडीतला धाकटा त्याच्या आतच सापडतो. तिथवर मूळ संख्या किती? दोनशे सत्तावीस. "आणि गंमत म्हणजे," सर म्हणाले, "दोनशे सत्तावीस ही सुद्धा मूळच." त्यांचे डोळे इतके चमकले की मी घाईनं फळा पुसून टाकला.

हजाराच्या आतले एकशे अडुसष्ट भागाकार त्यांनी पोरांच्या मदतीनं दोन वर्षांत संपवले होते. आमच्या शाळेत शिक्षा म्हणून पाढे मिळायचे आणि बक्षीस म्हणून भागाकार. शहाण्यासारखं वागलं की सर एखादी तीन आकडी मूळ संख्या द्यायचे, आणि पोरगं ती घरी न्यायचं, मामाकडून पेरू आणल्यासारखी. पोरांनी आणलेला प्रत्येक भागाकार सर स्वतः पुन्हा करून बघत. मगच बाकी, म्हणजे भाग गेल्यावर उरणारा आकडा, लाल पाठीच्या एका मोठ्या वहीत चढायची.

उरलेल्या एकोणसाठ संख्या हजाराच्या वरच्या. त्या सरांनी आम्हा शिक्षकांत वाटल्या. चित्रकलेच्या सरांना पंधरा, पी.टी.च्या मास्तरांना सोळा, मला सोळा आणि हेडमास्तरांना बारा, कारण ते हेडमास्तर. मुदत आठवड्याची.

कागद घेऊन मी भाकरी खायला गेले तर वहिनींनी तो उलटासुलटा करून पाहिला. त्यांना अक्षर यायचं नाही, आकडे यायचे.

"ह्यातला एकजन तरी भाग पाडंल का गं?"

"बघते की."

"नीट बघ बाय. माजी बाजू घेनारी तू एकलीच हायस."

"तुमच्यासाठी वाट्टेल ते, वहिनी," मी म्हटलं. भाकरी गरम होती, जीभ मोकळी होती.

आता त्या आठवड्याचं सांगते. मला एक स्थळ आलं होतं, मुलगा साताऱ्याला बँकेत. त्यांना फोटो हवा होता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी.नं बारामतीला जायचं आणि स्टुडिओत फोटो काढायचा, असं ठरलेलं. त्यामुळे सोमवारपासून मी भागाकाराचा कागद समोर ठेवून मनातल्या मनात साड्या बदलत होते. बुधवारी एक भागाकार केला, एक हजार नऊचा. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बाकी चौऱ्याऐंशी आली. त्यावर मी इतकी दमले की उरलेले शनिवारवर टाकले.

शनिवारी शाळा सुटली, अंबाडा घालून झाला, पावडर लावून झाली, आणि सर दारात.

"बाई, झाले?"

"पाच मिनिटं सर, शाईनं उतरवते."

त्या पाच मिनिटांत मी पंधरा बाक्या जन्माला घातल्या. बाकी भाजकापेक्षा लहान असावी लागते, एवढं गणित मला येत होतं. एक हजार तेरासमोर चारशे सतरा लिहिले. तो माझा बी.एड.च्या परीक्षेचा नंबर. एक हजार एकोणीससमोर आमच्या घराचा नंबर. एक हजार एकवीससमोर ब्लाउजच्या छातीची आणि कमरेची बेरीज, कारण शिंप्याची चिठ्ठी पर्समध्ये वरच होती. पुढं डोकं चालेना, मग आधीच्या बाकीत सात-सात मिळवत गेले.

सरांनी कागद वरून खाली वाचला. "सोळाही?"

"हो, सर."

"भाग कशानंच नाही गेला?"

"नाही, सर."

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "मुलांचं तपासतो मी," ते म्हणाले. "तुमचं तपासणार नाही. शिक्षकानं लिहिलेल्या बाकीवर शंका घ्यायची नसते."

मी एस.टी. पकडली. फोटोत माझा एक डोळा मिटलेला आला. साताऱ्याहून नकार आला, तोही कार्डावर.

पंधरवड्यानं सरांनी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. आम्ही सात शिक्षक आणि पेढे अकरा. सारखे वाटता येत नाहीत म्हणून ते खूश. वही उघडी होती. दोनशे सत्तावीस भाजक, दोनशे सत्तावीस बाक्या, शून्य कुठंच नाही. वीस लाख पासष्ट हजार पाचशे सात ही संख्या मूळ ठरली होती.

बाजाराची पाटी घेऊन वहिनी किल्ली द्यायला दारात आल्या.

"पडला का भाग?"

सर उभे राहिले. "नाही. मूळ आहे."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. "तुज्यातबी न्हाय?"

माझ्या तोंडात दुसरा पेढा होता. मी मान हलवली.

"बरं," त्या म्हणाल्या. किल्ली टेबलावर ठेवली, पाटी डोक्यावर घेतली.

"वहिनी, हरलात की!" पी.टी.चे मास्तर ओरडले.

"हरले न्हाय, मास्तर. चालत निगाले," त्या न वळता म्हणाल्या, आणि गेल्या. सर खिडकीतून बघत होते. पेढा त्यांनी खाल्लाच नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मला वाटलं, आनंदानं भूक गेली असेल.

त्याच वर्षी माझं लग्न बारामतीत ठरलं, बदलीही तिथल्या शाळेत मिळाली. मुलं झाली, नोकरी संपली, नातवंडं झाली. सर निवृत्त होऊन इंदापूरकडं मुलाच्या पेरूच्या बागेत राहायला गेल्याचं ऐकलं होतं. सायकलीचा नंबर मात्र पाठ होता. गावातल्या प्रत्येकाला पाठ होता. पोरं तो तालावर म्हणायची.

दोन महिन्यांपूर्वी फोन आला. त्या अठ्ठेचाळिसांच्या कवायतीतला एक पोरगा, आता अठ्ठावन्न वर्षांचा, डाळिंबाचा बागाईतदार.

"बाई, सरांचा सत्कार करतोय आमी सगळी पोरं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं झालं सर. सन्मानचिन्हावर सायकलीचा नंबर कोरायचाय, खाली लिवायचं 'मूळ संख्या'. त्यांना कळू द्यायचं न्हाय. माझा नंबर बरोबर हाय का तेवढं तुमी सांगा."

मी एका दमात सांगितला. तो खूश झाला. फोन ठेवला आणि मला त्या शनिवारच्या पंधरा बाक्या आठवल्या.  

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅलेंडरचं जुनं पान उलटं घेतलं आणि बसले. दगडावर, पितळेवर, जे काय असेल त्यावर कोरण्याआधी माझे पंधरा तरी करून टाकू म्हटलं. नात म्हणाली, "आजी, मोबाईल एका सेकंदात सांगेल."

"मोबाईलनं लबाडी केली नव्हती," मी म्हटलं. "मी केली होती."

एक हजार नऊचा झालेलाच होता. त्याच्या पुढचा, एक हजार तेरा. दोन हजार पासष्टात दोनदा, उरले एकोणचाळीस. पाच खाली घेतला, तीनशे पंच्याण्णव; भाग जात नाही, शून्य दिलं. शून्य खाली घेतलं, तीन हजार नऊशे पन्नास. तीनदा, उरले नऊशे अकरा. शेवटचा सात खाली घेतला. नऊ हजार एकशे सतरा.

एक हजार तेरा नवे नऊ हजार एकशे सतरा.

खाली लिहायला काही उरलं नाही. पुन्हा केला. पुन्हा काही उरलं नाही. मग मोबाईलही काढला. एक हजार तेरा गुणिले दोन हजार एकोणचाळीस. दुसराच भागाकार. त्या बुधवारी आणखी दहा मिनिटं बसले असते, तर पैज वहिनींनी जिंकली असती.

आता काय करायचं? गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? सरांचं वय अठ्ठ्याऐंशी. त्या वयाच्या माणसाच्या हातातली एकुलती एक संख्या काढून घ्यायची का? दोन दिवस मी स्वतःला हेच ऐकवत होते, आणि मनात पाटी डोक्यावर घेतलेली बाई न वळता चालत होती. तिसऱ्या दिवशी बायकांच्या अर्ध्या तिकिटात इंदापूरच्या एस.टी.त बसले. भवानीनगरला उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आडवा आला आणि गाडी अर्धा तास थांबली. परत फिरावं असं तेव्हा एकदा वाटलं. मग निमगाव केतकीलाही एकदा वाटलं.

घर बागेतच होतं. सर ओट्यावर खुर्चीत बसलेले, टोपी तशीच. पडवीच्या भिंतीला सायकल टेकवलेली, चाकांत हवा नाही, पण सीटखालचा दांडा तेलानं चकचकीत. वहिनी आत तांदूळ निवडत होत्या. पाठीत वाकल्या होत्या, आवाज तोच.

"कोन आलंय?"

"मी, वहिनी. मराठीची बाई."

"एक डोळा मिटलेली व्हय? ये की!"

फोटोची गोष्ट मीच कधीतरी त्यांना सांगितली होती. बायका विसरत नाहीत.

चहा यायच्या आत बोलून टाकावं म्हणून मी सरांच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. फोटो, पावडर, परीक्षेचा नंबर, शिंप्याची चिठ्ठी, पोरांनी गुपित ठेवलेलं सन्मानचिन्हसुद्धा. एक हजार तेरा. सरांनी शेजारची एक लग्नपत्रिका उलटी केली, पेन मागितलं आणि भागाकार मांडला. आकड्याखाली आकडा सरळ येत होता. नऊ हजार एकशे सतराला येऊन थांबले. ओठ हलले. मग शून्य लिहिलं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

मला वाटलं, आता रागावतील. ते पुटपुटायला लागले. "सात, अकरा, तेरा, सतरा..." मी घाबरले.

"सर?"

"थांबा. दोन हजार एकोणचाळीस बघतोय." त्रेचाळीसपर्यंत गेले. "मूळ आहे. एक हजार तेरा तर आहेच. म्हणजे दोन निघाल्या." आणि आत वळून हाक मारली, "अगं ए, इकडं ये जरा."

वहिनी सूप घेऊनच आल्या.

"भाग गेला," सर म्हणाले.

"कशाचा?"

"सायकलीचा."

वहिनी उभ्या राहिल्या. सुपातला तांदूळ एका कडेला गेला. "आत्ता?"

"तेव्हाच जात होता. या बाईंनी केला नव्हता."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. अडुसष्ट वर्षांची बाई, पाच नातवंडांची आजी, अंगठ्यानं फरशी उकरत बसलेली.

"तरी म्या सांगितलं हुतं, नीट बघ म्हनून!" वहिनी म्हणाल्या. "अगं, जल्मभर चालवलंस की मला!"

"चुकलं, वहिनी."

"चुकलं म्हनं. गुडघं तुजं दुकत्यात का माजं?" आणि मग त्या हसायला लागल्या. सूप खाली ठेवावं लागलं, इतक्या हसल्या. हसता हसता डोळे पुसले आणि सरांना म्हणाल्या, "काढा सायकल."

"हवा नाही तिच्यात."

"मग ढकला. बसायचं मला हाय, हवंला न्हाय."

सरांनी फाटकाबाहेर पाहिलं. रस्त्यानं दोन बायका चालल्या होत्या. त्या पुढं जाईपर्यंत ते टोपी सारखी करत राहिले, आणि पंचेचाळीस वर्षांनी मला भाकरीच्या तव्यासमोरचं वहिनींचं बोलणं कळलं.

पण सायकल काढण्याआधी ते आत गेले आणि लाल पाठीची वही घेऊन आले. पान त्यांना बरोबर सापडलं. एक हजार तेरासमोरचा चारशे सतरा खोडला, वर शून्य लिहिलं, बाजूला सही केली, तारीख टाकली. "पोरांना सांगा," ते म्हणाले, "'मूळ' खोडा म्हणावं. त्या जागी एक हजार तेरा गुणिले दोन हजार एकोणचाळीस कोरा." मग वही आणि पेन दोन्ही माझ्या हातात दिलं.

"हे कशाला, सर?"

"खालच्या पंधरातली एक झाली. चौदा बाक्या खोट्याच आहेत."

"आता कशाला? भाग गेला ना एकदा!"

"वहीत खोटं आहे," ते म्हणाले, आणि सायकल आणायला गेले.

वहिनींना आम्ही दोघांनी मिळून कॅरिअरवर बसवलं. एका बाजूला पाय सोडून त्या बसल्या, एक हात सीटवर. सरांनी हँडल धरलं आणि मी मागून आधार दिला. बसकी चाकं मातीत घासत होती. अंगणातल्या पेरूला एक फेरी झाली, तशी वहिनी म्हणाल्या, "आनी एक." दुसऱ्या फेरीला त्या रस्त्यानं एक मोटारसायकलवाला गेला, वळून बघत गेला. सरांचे कान लाल झाले, पण हँडल सुटलं नाही.

"वेशीतनं जायचं ठरलं हुतं," वहिनी मागून म्हणाल्या.

"सत्काराच्या दिवशी," सर म्हणाले. "हवा भरून ठेवतो."

मला हसू आवरेना. काखेत वही होती, ती खाली पडली. सर थांबले, मान वळवून माझ्याकडं पाहिलं, अगदी त्या कवायतीतल्या चेहऱ्यानं.

"हसताय काय, बाई? चौदा राहिलेत तुमचे. शेवटची एस.टी. सहाला आहे."